फ्लॉपनंतरची बेट दरवेळी कॉल होते? मला लागू पडलेला क्रम

२०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन पोकर बंद झालं, तेव्हापासून आमचा कुर्ल्याचा ग्रुप फुकटच्या चिप्सवर होल्डेम खेळतो (पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, बोर्डवर सगळ्यांसाठी पाच). लक्षण असं: प्री-फ्लॉप रेझ (बोर्डवर पत्ते येण्याआधी बेट वाढवणं) माझी, फ्लॉपवर (बोर्डवरचे पहिले तीन पत्ते) काही लागलं नाही तरी बेट टाकायचो, आणि कोणीतरी कॉल (तेवढ्याच चिप्स टाकून खेळात राहणं) करायचंच. टर्न (चौथा पत्ता) येईपर्यंत चिप्स अर्ध्या. अक्षरशः वैताग आला होता.

बेट मोठी करून पाहिली, रिव्हरपर्यंत (पाचवा, शेवटचा पत्ता) ब्लफ रेटून पाहिला. छोट्या टेबलवर लोक साधी जोडीही सोडत नाहीत, त्यामुळे दोन्ही वाया.

चाललं ते असं. आधी समोरचे मोजायचे. तिघे असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा फोल्ड करत (पत्ते टाकून देत) असेल, तरी तिघांनी एकदम सोडण्याची शक्यता जेमतेम १२.५ टक्के. म्हणून एकाहून जास्त असले आणि हात रिकामा असला की सरळ चेक, म्हणजे बेट न लावता पुढे.

एकटाच असेल तर बोर्ड बघायचा. माझ्याकडे एक्का-राणी आणि बोर्डवर राजा-सात-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची: इथे पॉटच्या (मध्ये जमलेल्या चिप्सच्या) एक तृतीयांश बेट. १०० च्या पॉटला ३३. समोरचा चारातून एकदा फोल्ड झाला तरी भागतं. नऊ-आठ-सात, त्यात दोन बदाम, असं आलं तर चेक.

छोटी बेट कॉल झाली आणि टर्नवरही काही लागलं नाही, तर तिथेच थांबायचं. मात्र टॉप पेअर (बोर्डवरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जोडी) किंवा वरचं काही असेल तर फ्लॉपवर दोन तृतीयांश, टर्नवरही तेवढीच.