आडव्या बँडसॉवर आखूड तुकडा घट्ट कसा धरावा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपांमध्ये आडवा बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरत्या ब्लेडने धातू कापणारे मशीन, बहुतेक वेळ लांब बार कापत असतो आणि तोपर्यंत त्याच्या व्हाइसकडे, म्हणजे माल आवळून धरणाऱ्या शिकंजाकडे, कोणाचे फारसे लक्ष जात नाही. अडचण येते ती बार संपत आल्यावर. ८०-९० मिलिमीटरचा शेवटचा तुकडा उरतो, त्यातून आणखी एक जॉब सहज निघणार असतो आणि असा माल किलोच्या भावाने भंगारात घालणे जिवावर येते. मात्र तो कापायला घेतला की हलतो, तिरका कापला जातो किंवा सुटून ब्लेडखाली अडकतो. अशा वेळी हँडलला पाइप लावून व्हाइस आणखी आवळण्याची सवय अनेकांना असते. ती सोडली पाहिजे, कारण तुकडा सुटतो तो जोर कमी पडल्याने नव्हे, तर जॉ, म्हणजे व्हाइसचा जबडा, तिरका झाल्याने.

व्हाइसचा स्क्रू सरकत्या जॉला साधारण मध्यावर ढकलतो. जॉ १५० मिलिमीटर रुंद असेल आणि तुकडा ब्लेडच्या बाजूच्या ४० मिलिमीटरमध्येच बसत असेल, तर स्क्रूच्या रेषेत आणि तिच्या पलीकडे जॉला टेकायला काहीच नसते. त्यामुळे आवळताना जॉचे मोकळे टोक आत जाते, ब्लेडकडचे टोक किंचित उघडते आणि दोन्ही जॉ मिळून पाचरीसारखी जागा तयार होते, जिचे रुंद तोंड नेमके ब्लेडकडे असते. जितके अधिक आवळावे तितका तुकडा बाहेर, म्हणजे ब्लेडकडे ढकलला जातो.

एकदा ४० मिलिमीटर व्यासाचा ई.एन. ८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) तुकडा मी असाच धरला होता. हाताने हलवून पाहिला तेव्हा तो पक्का वाटला. ब्लेड तीन-चार मिलिमीटर आत गेल्यावर तो फिरला, खट्ट आवाज झाला आणि नव्या ब्लेडचे सलग सात-आठ दाते उडाले. त्या दिवसापासून पॅकिंग लावल्याशिवाय मी आखूड तुकड्यावर ब्लेड उतरवत नाही.

पॅकिंग म्हणजे जॉच्या मोकळ्या टोकाला ठेवलेला, जॉबच्याच, म्हणजे कापायच्या तुकड्याच्याच मापाचा दुसरा तुकडा. स्क्रूपासून जॉब जितका दूर, साधारण तितकेच दूर पॅकिंग ठेवले की जोर दोन्हींवर सारखा वाटला जातो आणि जॉ समांतर राहतो. सर्वांत चांगले पॅकिंग त्याच बारमधून मिळते. म्हणून नवा बार लावताना सुरुवातीलाच २५-३० मिलिमीटरचा एक तुकडा कापून, बुर (कापाच्या कडेला राहिलेले धारदार कंगोरे) कानशीने काढून आणि त्यावर रंगाने माप लिहून मशीनजवळच्या डब्यात ठेवावा. माप व्हर्नियरने तपासावे, कारण काळ्या (तापवून लाटलेल्या) बारचा आणि ब्राइट (थंड ओढून गुळगुळीत केलेल्या) बारचा व्यास नावाला एकच असला तरी प्रत्यक्षात फरक निघतो.

योग्य मापाचे पॅकिंग नसेल तर जॅक स्क्रू करून घ्यावा. लांब कपलिंग नटमध्ये एम १२ चा (१२ मिलिमीटरचा) बोल्ट आणि त्यावर चेकनट (बोल्ट जागेवर पक्का करणारा दुसरा नट) एवढेच त्याला लागते. जॉबच्या रुंदीइतकी लांबी जुळवून चेकनट आवळला की कोणत्याही मापाला तो चालतो. लांबी जुळली का, हे पाहण्यासाठी जॉब आणि जॉ यांच्यामध्ये कागदाच्या दोन पट्ट्या घालाव्यात, एक जॉबच्या ब्लेडकडच्या कडेला आणि दुसरी आतल्या कडेला. व्हाइस आवळल्यावर दोन्ही पट्ट्या ओढून निघत नसतील तर पकड बरोबर आहे. ब्लेडकडची सैल असेल तर जॅक स्क्रू थोडा लांब करावा, आतली सैल असेल तर आखूड करावा. राउंड बार सपाट जॉमध्ये फक्त दोन रेषांवर टेकतो, त्यामुळे तो पॅकिंग असूनही फिरू शकतो. त्याला एका बाजूने व्ही-ब्लॉक (व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) द्यावा आणि जॅक स्क्रू मग व्ही-ब्लॉकसह येणाऱ्या एकूण मापाला जुळवावा.

पकडायला १५-२० मिलिमीटरच उरत असतील तर पॅकिंगचाही भरवसा धरू नये. एम.एस. (माइल्ड स्टील) असेल तर मागच्या टोकाला जुना बार जोडून दोन-तीन टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारावेत आणि तो लांब बार व्हाइसमध्ये धरावा. ई.एन. ८ सारख्या पोलादात टॅकजवळची जागा कडक होते, म्हणून टॅक कापाच्या रेषेपासून दूर ठेवावेत. पितळ किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा लहान मशीन व्हाइसमध्ये धरून तो व्हाइसच बँडसॉच्या जॉमध्ये आवळता येतो.

पकड नीट असली तरी ब्लेडचे निदान तीन दाते एकाच वेळी धातूत असावेत. ६ मिलिमीटर जाडीला इंचाला १४ दात्यांचे ब्लेड चालते, १० दात्यांचे चालत नाही.

मोटर सुरू करताना ब्लेड जॉबला टेकलेले नसावे. पहिले दोन-तीन मिलिमीटर फीड (ब्लेड खाली उतरण्याचा वेग) अगदी हळू ठेवावे, तुकडा हाताने धरू नये आणि हातमोजे घालून चालू ब्लेडजवळ जाऊ नये. आवाज बदलला किंवा जॉब किंचितही सरकला तर मशीन बंद करून ब्लेड पूर्ण थांबल्यावरच आर्म (ब्लेडची चौकट) वर घ्यावा, आणि नव्याने धरल्यावर जुन्या खाचेत ब्लेड न घालता तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूने काप सुरू करावा, कारण खाच जराही तिरकी असेल तर ब्लेड तिच्यात अडकून पिळले जाते.