रोज डिप्लॉय सुरू करण्याआधी: कोल्हापूरकडच्या सॉफ्टवेअर टीमसाठी तयारीची यादी

डिप्लॉय म्हणजे तयार झालेला बदल गिऱ्हाइकाच्या चालू सॉफ्टवेअरवर चढवणं. ही यादी पाच ते आठ जणांच्या टीमसाठी आहे. दूध संस्थांचं संकलन, साखर कारखान्यांचे वजनकाटे, फाउंड्रीचा स्टॉक असलं सॉफ्टवेअर करणारी, आणि सध्या महिन्यातून एकदा शनिवारी रात्री सगळ्यांना बसवून रिलीज काढणारी टीम डोळ्यांसमोर ठेवली आहे. उदाहरणं मुख्यतः दूध संकलनाची आहेत, कारण तिथली चूक दुसऱ्या दिवशी पहाटेच फोनवर येते.

आधी कॅलेंडर उघडा. कारखाना गिऱ्हाईक असेल तर गाळप हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, कामाची पद्धत बदलायला घेऊ नका, एप्रिल-मे बरा. दूध संस्थेला हंगाम नसतो, पण दहा दिवसांचं बिल असतं. १, ११ आणि २१ तारखेच्या आसपास हिशेबाच्या भागाला हात लावायचा नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. जुलै-ऑगस्टचा विचार वेगळा करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा बंद पडला होता. ऑफिसला पोचणं अशक्य होईल असे दिवस इथे येतात. बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवून तपासणारं मशीन, अजून ऑफिसात टेबलाखाली, यूपीएसला टेकून उभा असेल, तर तो क्लाउडवर हलवणं हे या यादीतलं पहिलं काम. आणि घरी बसून कोणालाही डिप्लॉय करता येतं का, हे पावसाआधी एकदा करून बघा. प्रॉडक्शनची (गिऱ्हाईक वापरतं त्या सर्व्हरची) किल्ली एकाच लॅपटॉपवर आहे, असं हमखास निघतं.

मग दोन आठवडे काहीही न बदलता फक्त मोजा. कोड कमिट झाल्यापासून (म्हणजे लिहून नोंदवल्यापासून) गिऱ्हाइकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, आठवड्यात किती डिप्लॉय होतात, त्यातल्या कितींना लगेच दुरुस्ती करावी लागते, आणि बिघाड झाल्यावर गाडी पूर्ववत व्हायला किती वेळ जातो, हे चार आकडे पुरेत. साध्या शीटवर हाताने भरले तरी चालतं. सोबत एक पाचवा रकाना ठेवा: काम नुसतं वाट बघत किती दिवस पडून होतं. बहुतेक टीममध्ये लिहिण्याचं काम अर्ध्या दिवसाचं असतं आणि रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं), टेस्टिंग, ‘साहेबांनी बघितलं की सोडू’ यात आठवडा जातो. इथे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम उपयोगी पडतो: टीम आठवड्याला ५ कामं संपवत असेल आणि १५ कामं अर्धवट उघडी असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी ३ आठवडे लागणार. लोकांना जास्त वेळ बसवून यात फरक पडत नाही. उघडी कामं ७ वर आणली की दीड आठवड्याच्या आत येता. हे आकडे माणसांच्या नावापुढे मात्र लिहू नका. अप्रेझलमध्ये आले की एकाच बदलाचे सहा तुकडे करून डिप्लॉयची संख्या वाढवली जाते आणि मोजमाप वाया जातं.

टीमच्या रचनेत दोन गोष्टी बघा. टेस्टर वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या मॅनेजरखाली असेल तर त्याला त्याच टेबलावर आणा आणि कोड लिहायला घेण्याआधी, काम समजून घेतानाच सामील करा. दुसरं, एका कागदावर डावीकडे मोड्यूलची नावं आणि समोर तो भाग दुरुस्त करू शकणाऱ्यांची नावं लिहा. ज्या ओळीत एकच नाव आहे तिथे याच आठवड्यापासून दुसरा माणूस जोडीला बसवा. आपल्याकडे ही जोडी बहुधा त्या माणसाने पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात घेतल्यावर, नोटीस पिरियडमध्ये लावली जाते. तोवर त्याचं चित्त उडालेलं असतं आणि शिकणाऱ्यालाही घाई असते.

माणसं टिकायची आणि कामात रमायची असतील तर त्यांना महिन्यातून एकदा पहाटे पाचला संकलन केंद्रावर न्या. तिथे ऑपरेटरचा एक हात मापाकडे, दुसरा कीबोर्डवर असतो. सभासद क्रमांक, एंटर, लिटर, एंटर, फॅट मशीनवरून आपोआप, पुन्हा एंटर, पावती. स्क्रीनकडे तो बघतच नाही. बोटांना क्रम पाठ असतो. मध्येच तुम्ही ‘नक्की सेव्ह करायचं का?’ अशी खिडकी टाकली की पुढच्या सभासदाचा क्रमांक त्या खिडकीत जातो, नोंद हुकते आणि किटल्या घेतलेली रांग तुंबते. हे ज्याने एकदा उभं राहून बघितलं त्याला स्पेसिफिकेशन समजावावं लागत नाही. आपण सोमवारी लिहिलेली ओळ गुरुवारी त्या केंद्रावर चालते, ही गोष्ट माणसाला शुक्रवारच्या पिझ्झापेक्षा जास्त बांधून ठेवते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता कोडच्या सवयी. सगळ्यांचं काम एकाच मुख्य ब्रँचवर, म्हणजे कोडच्या सामायिक प्रतीवर, रोज यायला हवं. बाजूची ब्रँच एक दिवस, फार तर दोन दिवस जगावी. बदल २०० ओळींच्या आत ठेवा. रिव्ह्यू दोन तासांत झाला नाही तर मेसेज न टाकता उठून त्याच्या टेबलाशी जा. लांबलेल्या ब्रँचचा धोका मर्ज करताना (मुख्य ब्रँचमध्ये मिसळताना) येणाऱ्या कॉन्फ्लिक्टपुरता नसतो; तो निदान दिसतो तरी. न दिसणारा धोका असा: एकाने फॅट ४.२ ऐवजी ४२ असं पूर्णांकात साठवायला घेतलं, दुसऱ्याने त्याच आठवड्यात नवा दर तक्ता जोडला आणि तो ४.२ समजून वाचतो. दोन्ही बदल वेगवेगळ्या फायलींत, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट ते खुशाल मर्ज करतं, आणि दर भलत्याच ओळीतून उचलला जातो. रोज मर्ज झालं असतं तर दुसऱ्या दिवशीच टेस्ट नापास झाली असती.

बिल्डला दहा मिनिटांची मर्यादा घाला. आधी कंपाइल आणि युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या), दोन-तीन मिनिटांत. मग डेटाबेस लागणाऱ्या टेस्ट. स्क्रीन चालवून बघणाऱ्या टेस्ट मोजक्याच, शेवटी. बिल्ड आपोआप चालवणारी गिटहब अ‍ॅक्शन्स ही सेवा वापरत असाल तर जॉबची मूळ मर्यादा ३६० मिनिटांची असते. ती १५ वर आणा, नाहीतर अडकलेला जॉब सहा तास मिनिटं खात बसतो. बिल्ड लाल झाला, म्हणजे फसला, की पंधरा मिनिटांत दुरुस्त करा, नाहीतर तो बदल मागे घ्या. मागे घेणं हा कोणाचा अपमान नाही, हे पहिल्याच दिवशी सिनियर माणसाने स्वतःचा बदल मागे घेऊन दाखवावं. कधी पास, कधी नापास होणारी टेस्ट त्याच दिवशी बाजूला काढा आणि आठवड्यात नीट करा किंवा पुसून टाका. ती तशीच ठेवली तर लोकांना ‘पुन्हा चालव’ दाबायची सवय लागते आणि खरी चूकही त्याच बटणाखालून निसटते.

टेस्ट कोणत्या लिहायच्या? या धंद्यात ठरलेली ठिकाणं आहेत. पहाटे ५.१५ ची नोंद यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीच्या २३.४५ ला पडते; तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून काढली की साडेपाचच्या आधीचं दूध कालच्या खात्यात जातं. महिन्याचा तिसरा हिशेब कधीच ठरलेल्या लांबीचा नसतो: फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवस, एरवी १० किंवा ११. चारही प्रकारांची टेस्ट हवी. रक्कम रुपयांच्या दशांशात ठेवू नका, पैशांच्या पूर्णांकात ठेवा. ‘कऱ्हाडे’ मधला ऱ युनिकोडमध्ये एका अक्षराने किंवा र आणि नुक्ता असा दोन खुणांनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखा, शोधताना वेगळा. सेव्ह करतानाच एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा. आणि सगळ्यात भरवशाची टेस्ट: मागच्या तीन हिशेबांची बिलं जुन्या आणि नव्या कोडने काढून एकेका सभासदाची रक्कम पैशापर्यंत जुळवा. त्यासाठीचा डेटा खरा, पण नाव, मोबाईल, आधार आणि बँक खाते बदललेला असावा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानंतर खऱ्या डेटाची कॉपी डेव्हलपरच्या लॅपटॉपवर फिरत ठेवणं परवडणारं नाही.

डेटाबेसवर सर्वाधिक वेळ द्या, कारण कोड मागे घेता येतो, पुसलेला कॉलम येत नाही. फॅट दशांशातून पूर्णांकात न्यायचं असेल तर ते एका डिप्लॉयचं काम नाही. पहिल्या डिप्लॉयमध्ये नवा कॉलम रिकामा जोडा. दुसऱ्यात कोड जुन्या-नव्या दोन्ही ठिकाणी लिहू लागेल. मग जुन्या नोंदी हजार-दोन हजारांच्या तुकड्यांनी भरा. त्यानंतरच्या डिप्लॉयमध्ये वाचन नव्या कॉलमवरून. मग जुन्यात लिहिणं बंद. आणि दोन पूर्ण बिलं बिनतक्रार गेल्यावर जुना कॉलम काढा. प्रत्येक पायरीवर आधीची आवृत्ती चालू शकते, म्हणून परत फिरता येतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मोठ्या टेबलावर इंडेक्स (शोध वेगाने करणारी सूची) ‘कन्करंटली’, म्हणजे बाकी काम चालू ठेवून, बनवा, नाहीतर तो पूर्ण होईपर्यंत लिहिणं थांबतं. हा आदेश ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच होणार नाही अशा गठ्ठ्यात) चालत नाही, आणि डेटाबेसची रचना बदलणारी बरीच मायग्रेशन टूल प्रत्येक फाइल ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात. त्या फाइलपुरतं ते बंद करा. मध्येच फसला तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे राहतो, तो काढूनच पुन्हा प्रयत्न करा. लॉक टाइमआउट, म्हणजे टेबल मोकळं होण्याची वाट बघायची मर्यादा, दोन ते पाच सेकंद ठेवा: नाहीतर तुमचा ऑल्टर (टेबलाची रचना बदलणारा आदेश) एखाद्या लांबलचक रिपोर्टमागे वाट बघत थांबतो आणि त्याच्यामागे बाकी सगळ्या क्वेरी थांबतात, वरून दिसतं ‘सर्व्हर बसला’. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असा आदेश आपोआप कमिट (कायम) होतो, त्यामुळे एका फाइलमध्ये एकच बदल. अर्ध्यावर फसलेली फाइल परत फिरत नाही.

अर्धवट काम मुख्य ब्रँचवर आणायचं तर फीचर फ्लॅग, म्हणजे तो भाग चालू-बंद करायची बटणं, लागतात, आणि प्रत्येक फ्लॅगला मालक आणि काढून टाकायची तारीख लागते. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नाही. त्यात जुना, न वापरलेला कोड पडून होता आणि नव्या कामासाठी त्याचाच फ्लॅग पुन्हा वापरला होता. सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. आपले आकडे एवढे नसतील, पण फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका, आणि डिप्लॉयनंतर प्रत्येक मशीनवरची आवृत्ती स्क्रिप्टने विचारून घ्या.

केंद्रांवरच्या संगणकांपर्यंत बदल पोचवताना एकदा बनवलेली फाइलच सगळीकडे जाऊ द्या. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं बिल्ड नको, फरक सेटिंगमध्ये ठेवा. आधी २ केंद्रं, मग २०, मग सगळी, आणि प्रत्येक टप्प्याला एक सकाळ आणि एक संध्याकाळ जाऊ द्या. अपडेट संकलन चालू असताना कधीही नको. त्या पाळीचा अहवाल छापून झाल्यावरच. नेट नसलेली केंद्रं मागे राहणारच, म्हणून सर्व्हरने मागच्या दोन आवृत्त्या स्वीकारल्या पाहिजेत. पावतीच्या तळाशी आवृत्ती क्रमांक छापा. ‘कुठली आवृत्ती आहे?’ या प्रश्नाला फोनवर कधी उत्तर मिळत नाही. ‘पावतीवर खाली काय आकडा आहे?’ याला मिळतं.

डिप्लॉयची वेळ सकाळचं संकलन आटोपल्यावर, साधारण ११ ते ३. ऑन-कॉलला (बिघाडाचा फोन घ्यायला) किमान चार माणसं हवीत, एकेकाला एक आठवडा, आणि पहाटे उठावं लागलं तर त्याच दिवशी उशिरा येण्याची मुभा. तीनच जण असतील तर आधी चौथा तयार करा. अलार्म सीपीयूवर लावू नका. ‘साडेसहापर्यंत नेहमीच्या निम्म्या केंद्रांकडूनही नोंदी आल्या नाहीत’ यावर लावा. घुसखोरी किंवा डेटा गळतीचा प्रकार असेल तर एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांनुसार तिला सहा तासांत कळवावं लागतं आणि लॉग (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. कळवायचा ईमेल पत्ता बिघाडाच्या एकपानी सूचनापत्रावर आधीच असू द्या. त्याच पानावर मागे फिरायचा आदेश, जसाच्या तसा.

बिघाडानंतरची बैठक दोन दिवसांत घ्या. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न मालकाने एकदा विचारला की पुढच्या वेळी माणसं आधी लपवतात आणि मग दुरुस्त करतात. त्या क्षणी काम करणाऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसत होतं, ते विचारा. बैठकीतून फार तर दोन कामं निघावीत, तारखेसह; दहा निघाली तर एकही होत नाही.

संस्थेच्या सचिवांनाही आधी सांगा, नाहीतर ‘रोज काहीतरी बदलतंय’ म्हणून ते धास्तावतात. एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) ‘दर तिमाहीस आवृत्ती, लेखी मंजुरीनंतर’ असं कलम असेल तर ते बदलून घ्या.

हे झालं की बिलाच्या तारखा टाळून एखाद्या मंगळवारी साडेअकराला पहिला डिप्लॉय करा. बदल एखाद्या लेबलच्या शब्दाचा, बटण टीममधल्या सर्वांत नव्या माणसाने दाबायचं, बाकीच्यांनी हात मागे बांधून बघायचं. दीड वाजता, काहीही बिघडलेलं नसताना, मुद्दाम मागे फिरा आणि आदेश दिल्यापासून सगळ्या मशीनवर जुनी आवृत्ती दिसेपर्यंतची मिनिटं मोजा. पंधराच्या वर गेली तर दुसरा डिप्लॉय थांबवा आणि आधी तेवढं दुरुस्त करा.