नाताळच्या झाडाभोवती ट्रेन फिरवताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ घर असलं की ट्रेनचं वेड आपोआप लागतंय, कारण निम्मं लहानपण गेट कधी उघडणार ते बघत सायकलवर एक पाय टेकून उभं राहण्यातच जातंय. कॅम्पात आमचे एक अंकल आहेत, त्यांच्या घरी नाताळात येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या बाजूला झाड असतं आणि त्या झाडाभोवती खेळण्यातली ट्रेन फिरवायचं खातं माझ्याकडं. दरवर्षी ट्रेन कुठंतरी अडकते आणि जमलेले सगळे इंजिनाला नावं ठेवतात. इंजिन बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं ओ, घोळ असतो तो रुळात नाहीतर रुळाच्या आजूबाजूला आपण जे काही मांडून ठेवलंय त्यात.

एक चूक मात्र खरंच इंजिनापर्यंत पोचायच्या आधीच होते. अमेरिकेतला मामेभाऊ सेट घेऊन आला, आम्ही पिन बसत नाही म्हणून बाजारातून कन्व्हर्टर पिन आणली, लावली, आणि दोन मिनिटात घरभर जळका वास. कंट्रोलरच्या, म्हणजे रुळाला करंट देऊन स्पीड कमीजास्त करणाऱ्या खोक्याच्या, मागे इनपुट १२० व्होल्ट असं छापलेलं होतं आणि आपल्या बोर्डात येतो २३० व्होल्ट. ती पिन फक्त आकार बदलते, व्होल्टेज नाही! अॅडॉप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर बिनधास्त लावा, नुसतं ११० किंवा १२० असेल तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच.

आधी झाड सजवून मग रूळ घालायला बसणे

ही सगळ्यात कॉमन चूक. झाड उभं, लायटिंग लावून झालंय, आणि आता कुणीतरी पोटावर सरपटत खाली रूळ जोडतंय, वरून चांदण्या पडतायत. उलटं करायचं. घरात येणारे सेट बहुतेक एचओ नाहीतर ओओ या मापाचे असतात, दोन्हीत दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणून एकमेकांना चालतात. एचओमध्ये बऱ्याच सेटात १८ इंच रेडियसचं सर्कल येतं, १२ तुकड्यांचं. म्हणजे रुळाच्या मध्यापासून समोरच्या रुळाच्या मध्यापर्यंत मोजलं तर ३ फूट, वर डबे बाहेर झुकतात ते धरून साडेतीन फूट जागा हवीच. ८ बाय ४ चं प्लायवूड अर्धं कापून घ्या, ४ बाय ४ चा तुकडा एकदम बसतो. गालिच्यावर थेट रूळ टाकू नका, त्याचे धागे चाकाच्या गिअरमध्ये गुंडाळले जातात आणि मग पिनेनं ते काढत बसायचं, मी एकदा रात्री बारापर्यंत बसलोय.

झाड एका पाटावर किंवा लाकडी ठोकळ्यावर चढवा म्हणजे खालच्या फांद्या डब्यांना घासत नाहीत. सुरूची फांदी डब्यात माती भरून उभी करत असाल तर अजून एक, पाणी बेतानं घाला, कारण जादा झालं की ते प्लायवरून रुळाखालीच जातंय. सुरूच्या सुया पण पडतात, रोज ब्रश फिरवावा लागतो.

पहिल्या संध्याकाळी नुसती ट्रेन फिरवा, झाड नाही, डेकोरेशन नाही. अर्धा तास न पडता फिरली तरच पुढचं.

पडते कुठं ते बघा

सगळे डबे एकाच जागी पडत असतील तर दोष रुळाच्या सांध्यात आहे, बोट फिरवून बघा, एक टोक वर आलेलं लागेल. एकच डबा कुठंही पडत असेल तर त्याची चाकं तपासा. एवढं कळलं तरी निम्मा वेळ वाचतो. उजवीकडून थेट डावीकडं वळणारा एसचा आकार करू नका, मध्ये निदान एका डब्याच्या लांबीचा सरळ तुकडा टाका.

ट्रेन कंट्रोलरजवळ पळते आणि झाडामागं गेली की रडते? सांध्यातल्या बारक्या पत्र्याच्या पट्ट्या सैल झाल्यात, करंट तिथं पोचेना. पक्कडीनं हलकं दाबा. तरी नाही तर समोरच्या बाजूला दोन वायरी अजून जोडा, पण आतल्या रुळाची वायर आतल्यालाच गेली पाहिजे, उलटी लावली तर शॉर्ट. रूळ पॉलिश पेपरनं घासू नका, ओरखड्यात काळं जास्त बसतंय. सुती कापड आणि मेडिकलमध्ये मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, बास. आणि पुसताना करंट बंद.

तेलाचं पण सांगतो. कुणीतरी इंजिनात खोबरेल घातलं. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतंय तिथं गिअरमधलं काय पातळ राहणार? प्लास्टिकला चालणारं हलकं तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकंच.

डोंगराचा मोह

दिवाळीचा किल्ला केलेल्या पोरांना झाडाखाली डोंगर केल्याशिवाय चैन पडत नाही. किल्ल्याची उरलेली लाल माती आणून रुळाशेजारी टाकली की ती वाळते, धूळ होते आणि सरळ मोटरीत. कागदाचा लगदा रंगवून डोंगर करा. मावळे पॅसेंजर म्हणून चालतील, आमच्याकडं स्टेशनवर तोफ पण आहे.

आता चढ. वह्यापुस्तकं खाली सारून पूल करायचा आणि ट्रेन चढेना म्हणून हातानं ढकलायची, असं चालतं. कॅसलरॉकहून कुळ्ळेला उतरणारा दूधसागरचा घाट १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर, आणि तिथं खरी इंजिनं सुद्धा जादा जोडावी लागतात. आपण हिशोब करू. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर साडेसात सेंटीमीटर उंची पाहिजे, घाटाइतकाच चढ ठेवला तरी त्याला पावणेतीन मीटरच्या वर रूळ लागला. आपलं अख्खं सर्कल २८७ सेंटीमीटरचं! चढण्यातच संपलं, उतरायचं कुठं? झाडाखाली सपाटच बरं.

शॉर्ट आणि करंट

ट्रेन मध्येच थांबली, कंट्रोलरचा लाल दिवा लागला, तर आधी झाडाची चमकी बघा. धातूची चमकी किंवा चांदणी अडकवायची तार दोन रुळांवर आडवी पडली की शॉर्ट. बर्फासाठी कापूस टाकता तो रुळापासून चार बोटं लांब ठेवा, चाकाच्या दांड्याला गुंडाळतो. आणि रूळ गोल फिरवून परत त्याच रुळाला उलटा जोडलात, तर साध्या दोन रुळांच्या सेटात तो शॉर्टच असतो, ट्रेन बिघडली नाही.

करंट गेला की कंट्रोलरचं बटण शून्यावर आणा. आमच्याकडं अंधारात सगळे मेणबत्ती शोधत होते, करंट आला आणि फुल्ल स्पीडची ट्रेन वळणावरून उडून थेट गोठ्यातल्या मेंढरांवर.

६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर झाड उतरवताना रूळ वाकवून तोडू नका, सांध्याच्या दोन्ही बाजूला धरून सरळ ओढा, आणि सुटलेल्या पट्ट्या एका डबीत टाकून ती डबी इंजिनाच्याच खोक्यात ठेवा. आमची डबी गेल्या वर्षी फराळाच्या डब्यांच्या मागं सापडली, तीही मार्चमध्ये.