डिओड्रंट सोडायचे असेल तर

अंगाला वास येतो तो घामामुळे, ही समजूत इतकी रूढ आहे की डिओड्रंट बंद करू पाहणारा पुरुष सर्वप्रथम घाम कमी कसा येईल याच्या मागे लागतो आणि तिथेच त्याचे गणित चुकते. ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. शरीरभर पसरलेल्या वीस ते चाळीस लाख ग्रंथींतून येणारा घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ; अंग थंड ठेवणे हे त्याचे काम. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. वयात येताना त्या काम करू लागतात, केसांच्या मुळाशी उघडतात आणि स्निग्धांश व प्रथिने असलेला किंचित दाट स्राव सोडतात. हा स्रावही बाहेर पडताना गंधहीनच असतो. त्वचेवर वस्ती करून असलेले जिवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा कुठे वास तयार होतो. पुरुषांच्या काखेत कोरिनेबॅक्टेरियम गटातील जिवाणू सहसा अधिक असतात. स्रावात अमिनो आम्लाला जखडलेली मेदाम्ले ते सुटी करतात आणि त्यांतून बोकडाच्या अंगाला असतो तसा उग्र दर्प येतो. स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा दुसरा जिवाणू गंधकयुक्त संयुग मोकळे करतो. त्याचा वास कांद्याच्या वळणाचा असतो आणि तो अत्यल्प मात्रेतही नाकाला जाणवतो.

त्यामुळे घाम थांबवण्याच्या फंदात न पडता, स्राव आणि जिवाणू यांना एकत्र नांदायला मिळणारा वेळ कमी करणे, एवढेच आपल्या हाती असते आणि तेवढे पुरेसेही असते.

आधी हातातली बाटली नीट वाचावी. निव्वळ डिओड्रंट जिवाणूंची वाढ रोखते आणि उरलेल्या वासावर सुगंध चढवते, घाम मात्र येऊ देते. अँटीपर्स्पिरंट प्रकारात अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या नलिकांच्या तोंडाशी तात्पुरते बूच तयार करून घामच अडवतात. पहिल्या प्रकाराची सवय असलेल्याला सोडताना घामात फारसा फरक जाणवत नाही. दुसऱ्या प्रकारातून बाहेर पडणाऱ्याला मात्र शर्टाच्या काखा भिजलेल्या पाहण्याची सवय करून घ्यावी लागते, आणि ओल म्हणजे वास नव्हे हे स्वतःला काही काळ बजावत राहावे लागते.

दुसरी तपासणी कानाची. एबीसीसी११ नावाच्या जनुकाच्या एका रूपामुळे कानातला मळ कोरडा, पापुद्र्यासारखा होतो आणि त्याच रूपामुळे काखेतील गंधाचा कच्चा माल फारच कमी तयार होतो. पूर्व आशियात हे रूप सर्रास आढळते, युरोप आणि आफ्रिकेत विरळा. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेसहा हजारांच्या आसपास स्त्रियांपैकी सुमारे दोन टक्के स्त्रिया या गंधहीन गटातल्या निघाल्या, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशाहून अधिक जणी तरीही नेमाने डिओड्रंट लावत होत्या. आपल्या कानातला मळ कोरडा असेल, तर कदाचित आपण आजवर नसलेल्या वासाचा बंदोबस्त करत आलो आहोत. तो चिकट आणि पिवळसर-तपकिरी असेल, तर पुढचे सगळे आपल्याला लागू आहे.

धुण्याची रीत

अंघोळ रोज होते, पण काख रोज धुतली जातेच असे नाही. बरेच पुरुष डोक्यावरून ओघळलेल्या साबणाच्या फेसावर काखेचे काम भागवतात. त्याऐवजी हात वर करून, तळहातावर साबणाचा भरपूर फेस घेऊन तो केसांच्या मुळांपर्यंत बोटांनी चोळावा, अर्धा मिनिट तसाच ठेवावा आणि मग निसरडेपणा पूर्ण जाईपर्यंत पाण्याने धुवावा. कालचा स्राव मेदयुक्त असल्यामुळे केसांना चिकटून बसतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. घासणीने त्वचा खरवडण्याचे मात्र काही कारण नाही, कारण सोललेल्या त्वचेची जळजळ ही वासापेक्षा वाईट अडचण आहे.

नंतर काख कोरडी करावी, तीही पुसून, कपड्याने टिपली जाईल या भरवशावर नव्हे. ओलसर काखेवर बनियन चढवणे म्हणजे जिवाणूंना ऊब आणि पाणी दोन्ही एकदम पुरवणे. पंख्याखाली दोन मिनिटे हात वर करून उभे राहणे हास्यास्पद दिसते खरे, पण उपयोगी पडते.

अंघोळ एकदाच करायची असेल, तर ती धुतलेले कपडे घालण्याच्या लगेच आधी करावी आणि रात्री झोपण्यापूर्वी फक्त काखा, जांघा व पाय धुवावेत. दिवसभराचा स्राव रात्रभर तसाच राहिला, तर सकाळपर्यंत त्याचा वास बनियन आणि पांघरूण या दोहोंत उतरतो. दुपारी शक्य असेल तेव्हा ओल्या रुमालाने काखा पुसून कोरड्या कराव्यात. मुलाखत, भांडण, सादरीकरण अशा ताणाच्या दिवशी तर हे विसरू नये, कारण काखेतल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी उन्हापेक्षा ताणाला अधिक जुमानतात. थंड हवेच्या खोलीत बसूनही अशा दिवशी वास तीव्र होतो.

काखेतले केस पूर्ण भादरण्याची गरज नाही. ते कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड ठेवले, तरी स्राव साचायला जागा कमी उरते, साबण मुळापर्यंत पोहोचतो आणि काख लवकर वाळते. वस्तरा फिरवणाऱ्यांनी तो रात्री फिरवावा, म्हणजे बारीक ओरखडे सकाळच्या घामाने चुरचुरत नाहीत.

पहिले काही आठवडे

डिओड्रंट सोडल्यावर शरीरातली 'विषद्रव्ये' बाहेर पडतात, म्हणून सुरुवातीला वास वाढतो आणि त्यासाठी काखेला मातीचे लेप लावावेत, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या सांगण्यात तथ्य नाही. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, काख नव्हे. जे घडते ते साधे आहे. २०१६ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनातील संशोधकांनी १७ जणांच्या काखांतील जिवाणू आठवडाभर तपासले, तेव्हा अँटीपर्स्पिरंट वापरणाऱ्यांकडे सुरुवातीला अगदी थोडे जिवाणू आढळले. वापर थांबवल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची संख्या इतरांच्या बरोबरीला आली, पण जिवाणूंचे मिश्रण मात्र वेगळे राहिले. गट लहान होता, म्हणून त्यावर फार मोठा इमला रचू नये. तरी पहिल्या आठवड्यात वास बदलल्यासारखा वाटला, तर त्याचे स्पष्टीकरण त्यात मिळते.

सुरुवात सुट्टीच्या दिवसांत करावी. अधिक सावध माणसाने एकाच काखेला डिओड्रंट लावणे चालू ठेवावे, दुसरी मोकळी सोडावी आणि संध्याकाळी शर्टाच्या दोन्ही काखा हुंगून पाहाव्यात. कपडे, ऊन, ताण सगळे दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे फरक किती आणि तो सोसण्यासारखा आहे का, हे एका दिवसात कळते.

इथे स्वतःच्या नाकावर विसंबू नये. सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते आणि तो नोंदवणेच सोडून देते. त्यातल्या त्यात विश्वासार्ह चाचणी म्हणजे शर्ट काढून ठेवावा, अंघोळ करावी, घराबाहेर एक चक्कर मारून यावे आणि मग तो शर्ट हुंगावा. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे घरातले एक स्पष्टवक्ते माणूस. "मला वास येतो का?" असे विचारले की लोक भिडेखातर नाही म्हणतात; "कालच्यापेक्षा आज जास्त आहे की कमी?" असे विचारल्यावर खरे उत्तर निघते. पुरुषी गंध स्त्रियांना आपोआप आकर्षित करतो, या आशेवर ही चाचणी टाळू नये. मानवी फेरोमोन (गंधातून दुसऱ्याला संकेत देणारे रसायन) म्हणून खात्रीने सिद्ध झालेले एकही रसायन अजून हाती आलेले नाही.

कपडे

काख स्वच्छ असूनही वास येत असेल, तर दोष बहुधा कापडाचा असतो. पॉलिस्टरचा धुतलेला शर्ट कपाटातून काढताना निर्दोष वाटतो. तो अंगावर चढवून काखेत थोडी ऊब आणि ओल लागली, की पंधरा-वीस मिनिटांत जुना आंबूस वास जागा होतो. पॉलिस्टरचा धागा पाणी शोषत नाही, पण तेलकट द्रव्ये मात्र धरून ठेवतो. बेल्जियममध्ये २०१४ साली २६ जणांना तासभर जोराचा सायकल-व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट २८ तासांनी हुंगवण्यात आले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या शर्टांचा वास अधिक नकोसा ठरला. म्हणून डिओड्रंट सोडणाऱ्याने अंगालगतचे कपडे सुती किंवा लिननचे आणि काखेत सैल असलेले निवडावेत, आणि ते न धुता दुसऱ्या दिवशी घालू नयेत.

वास धरलेला शर्ट उलटा करून त्याच्या काखांना ओला असतानाच डिटर्जंट चोळावा, अर्धा-पाऊण तास भिजवावा आणि कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवावा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा. त्याचा थर धाग्यावर बसतो. वाळायला वेळ लागला तर कुबट वास पुन्हा येतो, म्हणून काखा वाऱ्याकडे येतील असा शर्ट टांगावा. एवढे करूनही तो वास देतच असेल, तर त्याची फडकी करावीत. जॅकेट, हेल्मेटचे अस्तर, पाठपिशवीचे पट्टे आणि घड्याळाचा कापडी पट्टा हे सहसा कोणी धुवत नाही, आणि वासाचा उगम पुष्कळदा तिथेच सापडतो.

घरगुती पर्याय

तुरटी ओली करून काखेत फिरवण्याने वास कमी होतो, पण अ‍ॅल्युमिनियम टाळण्यासाठी तुरटी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की तुरटी हाच अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आहे. (अँटीपर्स्पिरंटमुळे कर्करोग होतो, याचा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही, तेव्हा केवळ त्या भीतीने सोडण्याचे कारण नाही.) खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्यामुळे आम्लधर्मी त्वचेवर रोज लावल्यास अनेकांना लाल चट्टे येतात. लिंबू तर लावूच नये. त्याचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड आणि डाग उठू शकतात. साबण पुरत नसेल, तर बेन्झॉइल पेरॉक्साइडचा मुरमांसाठी मिळणारा वॉश आठवड्यातून काही वेळा एक-दोन मिनिटे लावून धुणे अधिक परिणामकारक ठरते. मात्र रंगीत टॉवेल आणि कपडे त्याने पांढरे पडतात.

बंद गाडीतला लांबचा प्रवास किंवा दाटीवाटीची बैठक असेल, त्या दिवशी डिओड्रंट लावल्याने काही बुडत नाही.

वासात अचानक आणि विनाकारण बदल झाला, काखेत किंवा जांघेत तपकिरी-लालसर चट्टा, खाज वा वारंवार गाठी येऊ लागल्या, स्वस्थ बसूनही कपडे निथळू लागले किंवा झोपेत घामाने अंथरूण भिजू लागले, तर साबण बदलत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी, कारण काही औषधांमुळेही घाम वाढतो.