आई-बाबांच्या नावाने हॉस्पिससाठी पैसे जमवताय? आधी हे बघा

हॉस्पिससाठी, म्हणजे बरं होण्यापलीकडे गेलेल्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या संस्थेसाठी, तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला नातेवाईकांकडून देणगी जमवणार असाल तर पैसे स्वतःच्या जीपेवर घेऊ नका, मेसेजमध्ये थेट संस्थेचाच अकाउंट नंबर टाका. पावती ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या नावाने निघते, म्हणजे सगळं तुमच्याकडून गेलं तर मामा, आत्या, बाबांचे ऑफिसवाले यांना ८०जी ची, म्हणजे देणगीवरची टॅक्स सवलत मिळत नाही. प्रत्येकाने नाव, पत्ता, पॅन संस्थेला कळवायचं. २००० च्या वर कॅश दिली तर सवलत नाही आणि नव्या टॅक्स रेजीममध्ये तर नाहीच, तेही आधीच सांगून टाका.

परदेशातल्या भावाने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी ती परदेशी देणगी धरतात, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी हवी आणि पैसे त्यांच्या दिल्लीच्या एसबीआयमधल्या वेगळ्या खात्यातच जायला हवेत.

मुख्य म्हणजे फोन करून विचारा काय हवंय. बांद्र्याचं शांती अवेदना सदन, देशातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ पासून कॅन्सरच्या पेशंटना मोफत सांभाळतंय, अशा ठिकाणी रोजचा खर्च केवढा असतो बघा, डायपर, ड्रेसिंगचं सामान, एअर मॅट्रेस, नर्सेसचे पगार. नावाची पाटी लावायला पंखा सगळे देतात हो, पगाराला कोणी देत नाही, म्हणून मला तरी वाटतं की 'रोजच्या खर्चासाठी' असंच लिहून द्यावं.

मेसेज छोटा ठेवा: 'हार, साड्या काही आणू नका, आईच्या नावाने जमेल तेवढं इथे द्या.'