न्युरेंबर्गचे दोन दिवस: गटाने जाणाऱ्यांसाठी आखणी

म्युनिक आणि परिसरात राहणारी मराठी मंडळी, विशेषतः उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आलेले असताना, आठ-दहा जणांचा गट करून जवळचे एखादे जुने शहर पाहायला निघतात. अशा सहलीसाठी न्युरेंबर्ग अतिशय सोयीचे आहे. रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच समोर जुन्या शहराची तटबंदी उभी असते आणि आतील बहुतेक स्थळे पायी पाहता येतात. मात्र हे शहर एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटांचे मध्ययुगीन न्युरेंबर्ग आणि नाझी मेळाव्यांचे व खटल्यांचे न्युरेंबर्ग एकाच दिवशी पाहिले, तर दुपारनंतर कोणाच्याही डोक्यात काही शिरत नाही. पहिला दिवस कोटाच्या आत आणि दुसरा कोटाबाहेर, अशी विभागणी करावी.

प्रथम वार ठरवावा. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात, तर न्युरेंबर्ग खटल्याचे स्मारक-संग्रहालय मंगळवारी बंद असते. रविवारी दुकाने उघडत नाहीत आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये पर्यटकांना फिरता येत नाही. त्यामुळे गुरुवार-शुक्रवार किंवा शुक्रवार-शनिवार ही जोडी उत्तम ठरते. नाताळपूर्वीचा प्रसिद्ध बाजार पहिल्या ॲडव्हेंट रविवारच्या (नाताळपूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्याच्या) आधीच्या शुक्रवारी सुरू होऊन २४ डिसेंबरपर्यंत चालतो. तो पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. पण त्या गर्दीत दहा जणांना एकत्र ठेवणे हेच मोठे काम होऊन बसते, म्हणून शहर पाहण्याचा मुख्य हेतू असेल तर ते दिवस टाळलेले बरे.

प्रवासासाठी ‘बायर्न-तिकीट’ गटाला परवडते. एका तिकिटावर जास्तीत जास्त पाच जण दिवसभर बव्हेरियातील प्रादेशिक गाड्यांनी हिंडू शकतात आणि न्युरेंबर्गमधील मेट्रो, ट्रॅम व बसलाही तेच तिकीट चालते. आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊपासून, तर शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून लागू होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत टिकते. म्हणजेच मुक्काम केल्यास परतीसाठी नवे तिकीट घ्यावे लागते. तिकिटावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात. दहा जणांसाठी दोन तिकिटे घेताना जे लोक दिवसभर एकत्र राहणार आहेत त्यांचीच नावे एका तिकिटावर घालावीत, अन्यथा थकलेल्या ज्येष्ठांना लवकर हॉटेलवर परतायचे असते आणि तिकीट मात्र किल्ल्यावर गेलेल्यांच्या खिशात राहते. ज्यांच्याकडे देशभरातील प्रादेशिक गाड्यांना चालणारे मासिक ‘डॉइचलांड-तिकीट’ आहे, त्यांना या मोजणीतून आधीच वगळावे.

नऊनंतरच्या प्रादेशिक गाडीने निघाल्यास इंगोलश्टाटमार्गे पावणेदोन तासांच्या आसपास न्युरेंबर्ग येते, आणि ही वेळ पहिल्या दिवसाच्या आखणीला नेमकी जुळते. बाराच्या आत हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात पोहोचायचे आहे, हे एकच बंधन पाळावे. स्थानकापासून क्योनिगश्ट्रासेने चालत निघाले की वाटेत संत लोरेन्झ चर्च लागते. तेथे घाईघाईत सगळे पाहण्याऐवजी दोनच गोष्टींपाशी थांबावे: फाइट श्टोसने लाकडात कोरलेला, छतापासून अधांतरी टांगलेला देवदूत-मेरीचा प्रसंग, आणि आडाम क्राफ्टचा सुमारे वीस मीटर उंच दगडी मनोरा. या मनोऱ्याचा भार आपल्या खांद्यावर पेलणारी, गुडघे टेकून बसलेली मूर्ती स्वतः शिल्पकाराची मानली जाते.

तेथून पेग्निट्झ नदी ओलांडली की हाउप्टमार्क्ट येतो. चौकातील फ्राउएनकिर्शे या चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ सालचे यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बाराला सम्राटाची निवड करणाऱ्या सात निर्वाचक राजपुरुषांच्या बाहुल्या सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती तीन फेऱ्या घालतात. नव्या सम्राटाने आपली पहिली राजसभा न्युरेंबर्गमध्ये भरवावी, असे सांगणाऱ्या १३५६ च्या सुवर्ण-फर्मानाची ती आठवण आहे. गटातील मुलांना बाहुल्या आवडतीलच, परंतु मोठ्यांना हेही सांगावे की हा चौक आणि हे चर्च ज्या जागेवर उभे आहे तेथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. १३४९ मध्ये तेथील साडेपाचशेहून अधिक ज्यूंची हत्या झाली आणि वस्ती पाडण्यास याच सम्राटाने मुभा दिली होती. चौकातील ‘सुंदर कारंज्या’च्या जाळीतील सोनेरी कडी फिरवून इच्छा मागण्यासाठी रांग असते, तेथे पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ घालवू नये.

जेवणाची जागा आधीच राखून ठेवावी, कारण जुन्या शहरातील उपाहारगृहांत दहा जणांना अचानक एकत्र बसायला मिळणे कठीण असते. येथील बोटाएवढे भाजलेले सॉसेज प्रसिद्ध आहे आणि ‘द्राय इम वेगला’ म्हणजे पावात तीन सॉसेज, हा उभ्या उभ्या खाण्याचा प्रकार आहे. ते डुकराच्या मांसाचे असते. शाकाहारी मंडळींनी चीज घातलेले श्पेट्झले (पिठाच्या मऊ शेवया) किंवा मशरूमच्या रश्शाबरोबरचे क्न्योडेल (उकडलेले गोळे) मागवावे, मात्र बटाट्याच्या सुपातसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून विचारून घ्यावे. बिल एकत्र हवे की वेगवेगळे, हे वाढपी विचारतोच. त्याचे उत्तर गटाने आधीच ठरवून ठेवावे.

दुपारी किल्ल्याकडे चढायचे. चढ फार लांब नसला तरी फरसबंदीचा आणि तीव्र आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी संत झेबाल्ड चर्चपाशी विसावा घेऊन सावकाश यावे. किल्ल्याच्या अंगणात आणि गच्चीवर जाण्यास तिकीट लागत नाही, त्यामुळे सर्वांनी आत जाण्याचा आग्रह धरू नये. ज्यांना आत जायचे असेल त्यांनी खोल विहीर चुकवू नये: सुमारे पन्नास मीटर खडक फोडून काढलेल्या या विहिरीत मार्गदर्शक पाणी ओततो आणि मेणबत्त्या खाली सोडतो, तेव्हा खोली खरोखर समजते. किल्ल्याखालीच आल्ब्रेश्ट ड्युररचे घर आहे, जेथे हा चित्रकार १५०९ पासून १५२८ मध्ये मृत्यू होईपर्यंत राहिला. उतरताना वाइसगेर्बरगास्से ही लाकडी सांगाड्याच्या घरांची गल्ली पाहावी. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात जुन्या शहराचा सुमारे नव्वद टक्के भाग नष्ट झाला होता, म्हणून आज जे ‘जुने’ दिसते त्यातील बरेचसे युद्धानंतर परिश्रमाने पुन्हा उभारलेले आहे. या गल्लीतील घरे मात्र मोठ्या प्रमाणात वाचली.

पाऊस असल्यास किल्ल्याऐवजी जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात जावे. तेथील मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल हा अस्तित्वात असलेला सर्वांत जुना गोल असून त्यावर अमेरिकाच नाही. मुलांसाठी रेल्वे संग्रहालय हा पर्याय आहे: जर्मनीतील पहिली वाफेची प्रवासी गाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी न्युरेंबर्ग ते फ्युर्थ धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सतरा वर्षे आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकावरून ट्रॅमने नाझी पक्षाच्या मेळाव्यांच्या मैदानाकडे जावे. १९३३ ते १९३८ या काळात येथे दरवर्षी मेळावे भरत. शहर निवडण्यामागे हिशेब होता: पहिल्या दिवशी पाहिलेल्या त्याच राजसभांच्या परंपरेचे आपण वारस आहोत असे हिटलरला भासवायचे होते, आणि १९३८ मध्ये त्याने सम्राटांची राजचिन्हे व्हिएन्नाहून येथे आणवलीही. हा दुवा आदल्या संध्याकाळीच गटाला सांगितला, तर पन्नास हजार माणसांसाठी आखलेले आणि अर्धवट राहिलेले, नाझी पक्षाच्या अधिवेशनांसाठीचे ‘काँग्रेस सभागृह’ नुसते अवाढव्य बांधकाम वाटत नाही. तेथील माहिती केंद्रात दीड-दोन तास द्यावेत; नूतनीकरणामुळे प्रदर्शनाच्या मांडणीत बदल होत असल्याने संकेतस्थळ आधी पाहून घ्यावे. मेळाव्यांच्या संचलनांचे त्सेपेलिन मैदान तळ्याच्या पलीकडे आहे आणि तेवढे चालण्याची तयारी हवी. लहान मुलांना या भागात फारसे काही समजत नाही. त्यांच्यासह एखाद्या मोठ्या माणसाने तळ्याकाठी थांबणे सोयीचे.

दुपारी मेट्रोच्या यू-१ मार्गाने बेरेनशान्त्से स्थानकावर उतरून न्यायालयाच्या इमारतीत जावे. युद्धात ही इमारत बरीचशी शाबूत राहिली होती आणि तिला लागूनच तुरुंग होता, म्हणून दोस्त राष्ट्रांनी ती निवडली. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात येथे प्रमुख नाझी नेत्यांवर खटला चालला; बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तर तिघे निर्दोष सुटले. वरच्या मजल्यावरील प्रदर्शन आधी पाहावे आणि मग सहाशे क्रमांकाच्या दालनात बसावे, म्हणजे आरोपी कोठे बसत, दुभाषी कोठे असत, हे डोळ्यांसमोर उभे राहते. येथून मुख्य स्थानक मेट्रोने काही मिनिटांवर आहे. लेबकुखेन ही येथील मसालेदार गोड बिस्किटे घ्यायची राहिली असतील तर परतीच्या गाडीपूर्वी अर्धा तास हाताशी ठेवावा, आणि खरेदी करताना ‘एलिझेन’ प्रकार मागावा, कारण त्यात पीठ अगदी कमी आणि सुकामेवा भरपूर असतो.