जुन्या खाणीचं थ्रीडी मॉडेल करताय? या चुका टाळा

गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख 'आईन-ए-अकबरी'त आहे. अशा जागेचं मॉडेल ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून करताना पहिली चूक ड्रोन उडण्याआधीच होते: दिसेल तो खड्डा खाण ठरतो. पूर्व विदर्भात बोड्या, म्हणजे पाणी साठवायची छोटी तळी, गावोगावी आहेत. बोडीची पाळ उताराच्या बाजूला असते. हाताने खणलेल्या खाणीचा उपसा तोंडाभोवती ढिगांनी पडलेला असतो. मुरुमाच्या खड्ड्यात जेसीबीच्या दातांचे समांतर ओरखडे दिसतात. खडकात गोल भोकांच्या अर्ध्या खाचा दिसल्या, तर त्या सुरुंगाच्या. युरोपातसुद्धा खाणीत सुरुंग लावल्याची पक्की नोंद 1627 ची आहे, तेव्हा त्या खाचा मध्ययुगात ढकलू नका.

ड्रोन उडवायचा तो फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. सागाची पानं गळलेली असतात, खड्ड्यातलं पाणी आटलेलं असतं आणि ऊन अजून बॅटरीला सोसवतं. कोवळ्या तिरप्या उन्हात अर्धा खड्डा काळा येतो. पातळ ढगांचा दिवस सगळ्यांत चांगला.

सगळ्यांत महागात पडते ती चूक खोलीची. कॅमेरा सरळ खाली ठेवून काढलेल्या फोटोंतून सॉफ्टवेअर सपाट जमिनीलाही घुमटासारखा फुगवटा देतं किंवा बशीसारखी खोलगट करतं. मग दोन मीटरचा खड्डा किती खरा, हे कळायला मार्ग राहत नाही. पुढे-मागे 80 टक्के आणि बाजूला 70 टक्के ओव्हरलॅप ठेवा (म्हणजे शेजारच्या फोटोंत तेवढा भाग सामाईक हवा), शिवाय 20-30 अंश तिरप्या फोटोंची एक फेरी घ्या. जमिनीवर किमान पाच कंट्रोल पॉइंट (जागा आणि उंची नेमकी मोजलेल्या खुणा) लावा, त्यातला एक खड्ड्याच्या तळाशीच. आणखी तीन-चार पॉइंट फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवा. तेही मॉडेल बसवताना हिशेबात घेतले तर चूक सापडणारच कशी?

मॉडेल नकाशावर भलत्याच जागी बसलं, तर आधी झोन बघा. 78 रेखांशावर यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे करून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीचा) झोन बदलतो: अकोला, अमरावती शहर 43 मध्ये, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली 44 मध्ये. उंचीत साठ-सत्तर मीटरचा फरक आला, तर जीपीएसची इलिप्सॉइड उंची (पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली) आणि टोपोशीटची, म्हणजे सर्वेक्षण नकाशाची, समुद्रसपाटीपासूनची उंची एकत्र झाली आहे.

आता खरी मेख. मॉडेलमध्ये येतो तो आजचा खड्डा. शेकडो पावसाळ्यांचा गाळ तळाशी बसलेला असतो, म्हणून मूळ तळ मातीच्या ऑगरनेच (हाताने फिरवायच्या गिरमिटाने) शोधावा लागतो, तोही परवानगी घेऊन. ढिगाचं घनफळ मोजून खणलेलं घनफळ काढू नका: उपसलेली माती फुगते, त्यातली बरीच पावसात वाहून जाते, उरलेली कोणीतरी बांधाला नेते.

लाकडी टेकू, शिड्या, झोपड्या मॉडेलमध्ये घालायच्या असतील, तर त्या वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात ठेवा. मोजलेलं, पुराव्यावरून ताडलेलं आणि निव्वळ कल्पनेतलं असे तीन रंग पुरतात. कोणता टेकू कशावरून ठरवला, याची नोंद मॉडेलच्या फाइलसोबतच ठेवा. वेगळ्या वहीतली नोंद दोन वर्षांत हरवते.